जिवंत कलाकार असलेली हॉरर एस्केप रूम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुकिंग झालं की दोन दिवसांत प्रश्न यायला लागतात, आणि ते बहुतेक सारखेच असतात. मी आधी खेळाडू म्हणून या खोल्यांत गेले आणि नंतर काही वर्षं मुखवटा घालून आतल्या बाजूला उभी राहिले, म्हणून उत्तरं दोन्ही बाजूंनी देते आहे. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे शेवटी.

1. हॉरर एस्केप रूम आणि भुताचा बंगला यांत फरक काय? दोन्हीकडे घाबरवतातच ना?

भुताच्या बंगल्यात एका दाराने आत जायचं आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं, एवढंच तुमचं काम. मधे जे घडतं ते तुमच्यासाठी रचलेलं असतं, पण तुमच्यावाचून काही अडत नाही. एस्केप रूममध्ये तुम्ही हललात तरच गोष्ट पुढे सरकते. किल्ली शोधायची, आकडे जुळवायचे, पुढच्या खोलीचं दार उघडायचं. वेळ साधारण 60 मिनिटं, आणि कलाकार असलेल्या मोठ्या खेळांत 90 मिनिटं किंवा त्याहून जास्त. डोकं शांत ठेवायचं काम असतं आणि कोणीतरी ते शांत राहू देत नाही. सगळी गंमत त्या ओढाताणीत आहे.

प्रत्यक्ष खोलीतला हा खेळ सुरू झाला तो 2007 मध्ये, जपानमधल्या क्योटो शहरात. ताकाओ कातो यांच्या स्क्रॅप या कंपनीने तो केला. 2011 मध्ये बुडापेस्टला पॅरापार्क नावाची एस्केप रूम सुरू झाली आणि युरोपात या खोल्या झपाट्याने पसरल्या. कलाकार थोडे नंतर आले. त्यातला एक अगदी साधा प्रकार मला आजही फार आवडतो. खोलीत साखळीला बांधलेला एक झोंबी असतो. दर पाच मिनिटांनी बझर वाजतो आणि साखळी एक फुटाने वाढते. वेळ किती उरलाय हे घड्याळात बघावंच लागत नाही, कारण पायाखालची सुरक्षित जागाच कमी होत जाते. कोडं असतं ते नेमकं त्याच्या हाताच्या टप्प्यात.

2. कलाकार आत नक्की काय करतात? फक्त ‘भॉ’ करून दचकवतात का?

दचकवणं हा त्यांच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. मोठा आवाज झाला की माणसाची पापणी साधारण 50 मिलिसेकंदांच्या आत मिटायला लागते. त्यात ना कलाकाराचं कौशल्य ना तुमचा भित्रेपणा, ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. चांगला कलाकार दचकवणं राखून ठेवतो आणि वाट बघायला लावतो. शेजारच्या खोलीत संथपणे पाय ओढत चालायचं, दाराशी थांबायचं आणि आत यायचंच नाही. खेळ संपल्यावर लोक बहुतेक वेळा ‘तो आला नाही तो क्षण’ सांगतात.

कलाकार वेगवेगळ्या भूमिकांत असतात. कोणी पाठलाग करतो, कोणी तुमच्यासारखाच अडकलेला असल्याचं सोंग घेऊन मदत मागतो, कोणी बोलता बोलता पात्राच्या तोंडून क्लू देतो. शिवाय ते सतत तुमच्यावर लक्ष ठेवून असतात. मी कपाटामागे उभी असताना सगळ्यात आधी खेळाडूंचे हात बघायचे. एकमेकांचे शर्ट मुठीत धरलेले असले, किंचाळण्यात मधूनच हसू फुटत असलं, तर सगळं ठीक. पण कोणाचे हात छातीशी घट्ट आवळलेले, नजर जमिनीला खिळलेली आणि तोंडातून आवाजच नाही असं दिसलं, की मी दोन पावलं मागे सरकून दुसऱ्या कोणाकडे तरी वळायचे. किंचाळणाऱ्यापेक्षा गप्प झालेला माणूस जास्त घाबरलेला असतो.

या कामातला एक जुना नियमही सांगते: घाबरवायचं ते पुढच्या दिशेने. खेळाडू दचकून पळाला तर मोकळ्या जागेकडे पळायला हवा, मागच्या मित्रांच्या अंगावर किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर नव्हे. कलाकार कुठून येतो हे त्या हिशेबाने ठरवलेलं असतं.

3. आत खरंच कोंडतात का? आग लागली, वीज गेली, तर?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारावा, आणि तोही बुकिंगच्या आधी.

4 जानेवारी 2019 रोजी पोलंडमधल्या कोशालिन शहरात पाच मैत्रिणी वाढदिवस साजरा करायला एस्केप रूममध्ये गेल्या. पाचही जणी 15 वर्षांच्या होत्या. गॅसच्या हीटरमधून गळती झाली आणि आग लागली. मुली ज्या खोलीत होत्या तिचं दार आतून उघडायची सोय नव्हती. विषारी कार्बन मोनॉक्साइडने पाचही जणींचा जीव घेतला. त्यानंतर पोलंडभर एस्केप रूमची तपासणी झाली आणि कित्येक बंद कराव्या लागल्या. त्याच्या कितीतरी आधी, 11 मे 1984 रोजी, अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका मनोरंजन उद्यानातल्या भुताच्या वाड्यात आग लागून आठ किशोरवयीन मुलं गेली होती. अंधार, धूर आणि वळणावळणाचे रस्ते हे हॉरर खेळाचं नेपथ्य, आणि आगीच्या वेळी तेच जीवघेणं ठरतं.

म्हणून विचारा: तुम्हाला आत ठेवणारं दार आतून कसं उघडतं? चांगल्या ठिकाणी उत्तर लगेच मिळतं. एकतर ते दार खरोखर बंद नसतंच, ‘बाहेर पडणं’ हा फक्त कथेचा भाग असतो. नाहीतर त्याला चुंबकी कुलूप असतं. हे कुलूप वीज चालू असेपर्यंतच धरून ठेवतं, वीज गेली की आपोआप सुटतं, आणि दाराशेजारी हिरवं किंवा लाल बटण असतं ते दाबलं तरी सुटतं. बेड्या घालणार असतील तर त्या किल्लीवाचून झटक्यात निघणाऱ्या हव्यात, आणि त्या कशा निघतात ते हातात घालण्याआधी दाखवायला हवं. ‘घाबरू नका, आम्ही बाहेर असतोच’ एवढंच उत्तर मिळालं तर मी पाऊल आत टाकत नाही. बाहेरचा माणूस हीच एकमेव किल्ली असता कामा नये.

4. मी फार भित्री आहे. मैत्रिणी ओढून नेतायत. जाऊ का?

भित्रेपणा हे न जाण्याचं कारण नाही. मन नसणं हे मात्र आहे. या दोन्हींतला फरक तुमचा तुम्हालाच कळतो, मैत्रिणींना कळत नाही.

भीती आणि मजा यांच्या नात्यावर डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रत्यक्ष भुताच्या घरात जाऊन काम केलंय. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणं लावून आत सोडलं होतं. दिसलं असं की भीती अगदी कमी असेल तर मजा येत नाही, फार झाली तरी येत नाही, मधे कुठेतरी ती शिगेला असते. प्रत्येकाचा तो मधला बिंदू वेगळा असतो. याच गटाच्या आणखी एका अभ्यासात दोन प्रकारचे लोक दिसले: जास्तीत जास्त घाबरायचा प्रयत्न करणारे, आणि दात-ओठ आवळून भीती आवरणारे. समाधान दोघांनाही जवळपास सारखंच मिळालं. तेव्हा डोळे अर्धे मिटून, कोणाच्या तरी पाठीला चिकटून खेळलात तरी तुम्ही तो खेळ पूर्णच खेळलात.

बऱ्याच ठिकाणी भीतीची पातळी निवडता येते. काही ठिकाणी घाबरणाऱ्याला गळ्यात चमकणारी माळ किंवा पट्टी देतात. ती दिसली की कलाकार त्या व्यक्तीच्या जवळ जात नाही, पण खेळ सगळ्यांबरोबर चालू राहतो. अशी सोय असेल तर निःसंकोच मागा. मी आत असताना माळवाल्यांनीच बरेचदा कोडी सोडवलेली पाहिली आहेत, कारण त्यांचं डोकं त्या घटकेला सगळ्यांत जागेवर असायचं.

5. कलाकार अंगाला हात लावतात का?

ठिकाणागणिक वेगळं असतं, आणि ते आधी स्पष्ट सांगणं त्यांचं काम आहे. काही ठिकाणी स्पर्श अजिबात नसतो. काही ठिकाणी खांद्याला, दंडाला किंवा घोट्याला धरतात, हात धरून दुसऱ्या खोलीत नेतात. मोजक्या ठिकाणी याहून जास्त असतं, ओढणं, डोक्यावर पिशवी घालणं वगैरे. तिथे संमतीपत्रावर सही घेतात.

सही केलीत म्हणजे काहीही चालतं असं अजिबात नाही. ज्या स्पर्शाची कल्पना दिली होती तेवढ्यालाच तुमचा होकार आहे, आणि तो होकार आत गेल्यावरही कोणत्याही क्षणी मागे घेता येतो. चौघांना चालतंय म्हणून पाचवीला चालायलाच हवं असंही नाही. ब्रीफिंगमध्ये, म्हणजे खेळाआधी नियम समजावतात तेव्हा, सगळ्यांसमोर बोलायला अवघड वाटत असेल तर आधी फोन करून सांगा. ‘मला हात लावू नका’ एवढं वाक्य पुरतं, कारण द्यायची गरज नाही.

एकदा खेळाडू म्हणून गेले असताना एका कलाकाराने माझे केस धरून ओढले. आधी हे सांगितलेलं नव्हतं. मी खेळ थांबवला, बाहेर येऊन गेम मास्टरला (कॅमेऱ्यातून बघत खेळ चालवणाऱ्याला) सांगितलं, आणि मला उत्तर मिळालं, ‘हॉरर आहे ना मॅडम.’ हे उत्तर चुकीचं आहे. असा अनुभव आला तर तिथल्या तिथे बोला, लेखी तक्रार द्या, आणि वाईट हेतूने केलेला स्पर्श असेल तर तो खेळाच्या चौकटीत धरूच नका. तो गुन्हा आहे, पोलिसांकडे जा.

6. सेफ वर्ड म्हणजे काय? तो वापरला की खेळ संपतो का?

सेफ वर्ड म्हणजे आधी ठरवलेला एक शब्द. तो उच्चारला की कलाकार भूमिकेतून बाहेर येतो. हा शब्द कथेत कुठेही न येणारा असतो, कारण ‘नको’, ‘सोड’, ‘वाचवा’ हे शब्द खेळात लोक मजेत ओरडतच असतात. (याच गुंत्याबद्दल शेवटचा प्रश्न 18 आहे.)

वापरल्यावर काय होतं तेही आधी विचारून घ्या. काही ठिकाणी दिवे लागतात, खेळ थांबतो, ती व्यक्ती बाहेर जाते आणि उरलेले पुढे खेळतात. काही ठिकाणी दोन पायऱ्या असतात: एक शब्द ‘जरा सौम्य करा’ असं सांगायला, दुसरा ‘थांबवा’ सांगायला. मला ही दोन पायऱ्यांची पद्धत जास्त पटते, कारण बहुतेकांना खेळ सोडायचा नसतो, फक्त दम घ्यायचा असतो.

7. कलाकार कुठे लपलेत हे आधी माहीत असेल तर मजा जाईल ना? लोकांचे अनुभव वाचू की नको?

कोडी आणि शेवट सोडून बाकी जरूर वाचा. स्पर्श आहे का, रांगावं लागतं का, किती अंधार आहे, एकट्याला वेगळं करतात का, हे माहीत असल्याने भीती कमी होत नाही. तुम्ही खोलीबाहेरची काळजी बाहेरच ठेवून आत जाता.

8. किती जणांनी जावं? आणि कोणाबरोबर?

हॉररसाठी तिघं-चौघं ही मला सगळ्यात चांगली संख्या वाटते. दोघांत भीती जबरदस्त असते पण हात कमी पडतात. सहा-सात झाले की गर्दीत सुरक्षित वाटतं, मागचे दोघं नुसतेच उभे राहतात.

मित्र असले की धीर येतो असं आपण धरून चालतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 156 जणांच्या शरीराची प्रतिक्रिया भुताच्या घरात मोजली होती. गटात मित्र जास्त तितकी शरीराची उत्तेजनाही जास्त आढळली. भीती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एक किंचाळला की बाकीच्यांचे ठोके वाढतात.

कोणाबरोबर जावं, तर ज्याच्यासमोर रडू आलं तरी चालेल त्याच्याबरोबर. ऑफिसच्या सहलीत सक्तीने नेतात तिथे हेच बिघडतं. वरिष्ठांसमोर सेफ वर्ड उच्चारायला माणूस कचरतो.

9. इतकी भीती वाटली तर डोकं कसं चालेल? कोडी कशी सोडवायची?

भीतीत लक्ष आकुंचित होतं. समोरची एकच गोष्ट दिसते, आणि आत्ता वाचलेला आकडा दोन सेकंदांत विसरला जातो. तुम्ही हुशार आहात की नाही याचा इथे संबंध नाही, म्हणून आठवणीवर भिस्त ठेवू नका. जे सापडेल ते मोठ्याने बोला: ‘निळी किल्ली, टेबलाखाली, माझ्याकडे आहे.’ आकडा दोघांनी एकेकदा म्हणायचा. वापरून झालेली किल्ली कुलपातच ठेवायची, म्हणजे पुन्हा ती घेऊन कोणी धावत सुटत नाही. टॉर्च एकच असेल तर ती धरणाऱ्याने फक्त उजेड दाखवायचा, वाचायचं दुसऱ्याने.

चार आकडी कुलपाचे 10,000 पर्याय होतात, ते फिरवत बसण्यात अर्थ नाही. पण तीन आकडे कळले असतील तर उरतात फक्त 10, तेव्हा चौथा क्लू शोधण्यापेक्षा फिरवून बघा.

आणखी एक गोष्ट आतून पाहिल्यामुळे सांगते. कलाकार समोर उभा असताना तुम्ही कोडं सोडवावं अशी सहसा अपेक्षा नसते. तो प्रसंग आहे. घाबरा, लपा, पळा. तो गेला की शोधायला वेळ दिलेलाच असतो. कितीतरी गट त्या मिळालेल्या दोन मिनिटांत ‘परत येईल का’ म्हणून दाराकडे बघत उभे राहतात आणि वेळ घालवतात. एकाला दाराकडे बघायला ठेवा, बाकीच्यांनी कामाला लागा.

10. एकट्याला वेगळ्या खोलीत पाठवतात असं ऐकलंय. नकार देता येतो का?

येतो. पुष्कळ खेळांत असा टप्पा असतो: एकाने काळोख्या बोळातून जाऊन काहीतरी आणायचं, किंवा कलाकार एकाला ‘पळवून’ नेतो. तुम्हाला नको असेल तर ब्रीफिंगमध्ये सांगा, कलाकार दुसऱ्याला निवडतो. आत गेल्यावर सांगायचं राहिलं असं लक्षात आलं तर कॅमेऱ्याकडे बघून सांगा, गेम मास्टर ऐकत असतो. कोणीच तयार नसेल तर बहुतेक ठिकाणी दोघांना एकत्र जाऊ देतात.

11. घाबरून माझा हात चालला आणि कलाकाराला लागलं तर?

असं होतं. घाबरल्यावर कोणी पळतं, कोणी गोठतं आणि काहींचा हात उठतो. म्हणून अनुभवी कलाकार समोरासमोर अंगावर येत नाहीत. हाताच्या टप्प्याबाहेर थांबतात किंवा बाजूने येतात. माझ्या खांद्याला एकदा एका मुलाचं कोपर असं लागलं की आठवडाभर हात वर जात नव्हता. तो बिचारा बाहेर येऊन माझ्याआधी रडायला लागला. चुकून लागलं तर तिथेच थांबा, विचारा, माफी मागा. मनात काही राहत नाही.

मुद्दाम मारणं, मुखवटा ओढणं, ‘बघू याला किती लागतं’ म्हणून ढकलणं हे मात्र वेगळं. त्याने खेळ लगेच थांबतो आणि थांबायलाच हवा. मुखवट्यातून बाजूचं जवळजवळ काही दिसत नसतं. कलाकार तुमच्यापेक्षा जास्त असुरक्षित असतो. आपला हात उठतो हे तुम्हाला आधीपासून ठाऊक असेल तर ब्रीफिंगमध्ये सांगा आणि आत हातात काहीतरी धरून ठेवा, टॉर्च नको, कापडी काहीतरी.

12. हृदयविकार, दमा, फिट्स, गरोदरपण असेल तर?

हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लाँग क्यूटी सिंड्रोमसारख्या विकारात अचानक झालेला मोठा आवाजही ठोक्यांची लय बिघडवू शकतो, त्यामुळे ‘मला कधी त्रास झाला नाही’ हा आधार पुरेसा नाही. घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

दमा असेल तर धुराचं यंत्र वापरतात का ते विचारा. तो धूर ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनच्या पाण्यापासून होतो आणि श्वसनमार्गाला झोंबू शकतो. इनहेलर खिशात हवा, लॉकरमध्ये नको.

लखलखत्या प्रकाशाने फिट येणाऱ्यांना सेकंदाला साधारण 3 ते 30 वेळा उघडझाप होणारा उजेड धोक्याचा असतो. स्ट्रोब लाइट याच टप्प्यात येतात. चांगली ठिकाणं ते बंद करून देतात. ‘बंद करता येत नाहीत’ म्हणाले तर जाऊ नका.

गरोदर असाल तर या वेळी नको. धक्का, पडणं, रांगणं, अंधारातली धावपळ यातलं काहीच तुमच्या हातात नसतं.

13. मला पॅनिक अटॅक येतात. किंवा पूर्वी काही वाईट घडलंय. तरी जाता येईल का?

माझ्या ओळखीचे काही जण जातात आणि त्यांना आवडतं. काहींनी एकदा जाऊन पुन्हा पाऊल ठेवलं नाही. इथे निर्णय तुमचा, आणि उपचार चालू असतील तर उपचार करणाऱ्यांशी बोलून घेतलेला.

कथा कशाबद्दल आहे ते मात्र नक्की विचारा. भुताखेतांची गोष्ट एक आणि अपहरण, कोंडून मारहाण, मनोरुग्णालय, लहान मुलांवरचे अत्याचार यांवर बेतलेली गोष्ट वेगळी. ज्याने असं काही सोसलंय त्याला ते नेपथ्य खेळ म्हणून दिसत नाही. ‘कथेत असं काही आहे का’ या प्रश्नाचं उत्तर रहस्य बिघडेल म्हणून न देणारं ठिकाण टाळा. बंद जागेची भीती असेल तर ‘सगळ्यात अरुंद जागा किती रुंद आणि तिथे किती वेळ थांबावं लागतं’ असं नेमकं विचारा.

आत अटॅक आलाच तर सेफ वर्ड वापरा, बाहेर या, बसा. साधारण 10 मिनिटांत तो शिगेला पोचून ओसरायला लागतो. सोबत मित्र असावा, तोही मुखवटा न घातलेला.

14. मुलांना नेता येईल का? आणि मित्राला न सांगता सरप्राइज म्हणून?

वयाची अट प्रत्येक ठिकाणाची असते, ती पाळा. खोटं वय सांगून बारा वर्षांच्या मुलाला आत आणलेलं मी पाहिलंय. त्याला पुढे करून आई-वडील मागे हसत होते. मी मुखवटा वर करून त्याच्याशी गुडघ्यावर बसून बोलले आणि तो खेळ तिथे संपवला.

सरप्राइज नको. या खेळात होकार हाच पाया आहे, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला होकार देता येत नाही. ‘तुझ्यासाठी हॉरर एस्केप रूम बुक केलीय, येतोस?’ असं विचारलंत तरी आनंद तेवढाच होतो.

15. काय घालून जावं? मोबाइल, चष्मा, दारू?

बंद, न घसरणारे बूट आणि गुडघे टेकता येतील असे कपडे. ओढणी, लोंबते कानातले, लांब माळा नकोत. केस बांधा. चष्म्याला मागून दोरी लावा. लेन्स असतील तर धुराने डोळे कोरडे पडतात हे लक्षात ठेवा. मोबाइल लॉकरमध्ये जातो.

दारू पिऊन नाही. तोल जातो, होकार-नकाराचं भान सुटतं आणि कलाकाराला इजा होते.

16. आत कॅमेरे असतात ना? ते चित्रीकरण कुठे जातं?

असतात, अंधारात दिसणारे. ते सुरक्षेसाठी हवेतच. क्लू द्यायलाही गेम मास्टर त्यातूनच बघतो. पण तुमचा किंचाळतानाचा चेहरा जाहिरातीत टाकायला वेगळी परवानगी लागते. संमतीपत्रात ती ओळ बारीक अक्षरांत असते. ती खोडून सही करता येते का ते विचारा.

17. मला अजिबात भीती वाटली नाही. / मला चार दिवस झोप लागत नाहीये. यात काही चुकलं का?

दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली म्हणून एकत्र घेते.

भीती वाटली नसेल तर बहुधा तुम्ही खोलीकडे कारागिराच्या नजरेने बघत होतात: वायर कुठे, स्पीकर कुठे. पुढच्या वेळी रांगेत शेवटी चाला, कमी बोला, आणि कलाकार प्रश्न विचारेल तेव्हा पात्राला द्यावं तसं उत्तर द्या. कलाकाराला समोरून थोडं काही मिळालं की तो दसपट परत देतो.

झोप न लागणं पहिल्या एक-दोन रात्री स्वाभाविक आहे. बऱ्याच जणांचा अनुभव उलटा असतो. अमेरिकेतल्या एका भुताच्या घरात 262 जणांवर झालेल्या अभ्यासात बाहेर आल्यावर अनेकांची मनःस्थिती आधीपेक्षा चांगली आढळली होती, विशेषतः आत जाताना थकलेल्या, कंटाळलेल्या किंवा ताणात असलेल्यांची. तुमचं तसं झालं नाही तर कलाकारांना भेटा. मुखवटा काढलेला चेहरा, पाणी पिणारा, घामेजलेला माणूस एकदा डोळ्यांनी पाहिला की पुष्कळदा रात्रीचं चित्र बदलतं. दोन आठवड्यांनंतरही तीच दृश्यं येत राहिली तर डॉक्टरांकडे जा.

18. आत कोणाला खरंच काही झालं आणि कलाकाराला ते नाटक वाटलं तर?

मला आलेला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. ‘मला श्वास घेता येत नाहीये’ हे वाक्य खेळात रोज कोणीतरी ओरडतं, आणि एखाद्या दिवशी ते खरं असतं. सेफ वर्ड ऐन वेळी आठवत नाही असंही होतं.

अशा वेळी शब्द आठवत नसेल तर भूमिकेबाहेर या. आवाज खाली आणा, किंचाळू नका, दोन्ही हात डोक्याच्या वर एकमेकांवर आडवे धरा आणि कॅमेऱ्याकडे बघून त्या व्यक्तीचं नाव घेऊन साध्या वाक्यात सांगा: ‘अमकीला चक्कर आलीय, दिवे लावा.’ घाबरलेला माणूस सपाट आवाजात बोलत नाही, म्हणून सपाट आवाज लगेच ऐकू येतो. ऐकायला-बोलायला अडचण असलेल्यांनी हातांची ही खूण ब्रीफिंगमध्ये ठरवूनच घ्यावी. मी तर सगळ्यांना घ्यायला सांगते.

एका रात्री चौघांच्या गटातली एक मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. बाकीचे तिघं हसत होते, त्यांना वाटलं ती घाबरून बसलीय. मी तिच्यासमोर उभी, चेहऱ्यावर रबरी कातडं, हातात खोटा कोयता. तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, दुकानात काहीतरी मागावं तसं म्हणाली, ‘ताई, माझी साखर कमी झालीय.’ मी कोयता खाली टाकला, मुखवटा काढला आणि कॅमेऱ्याकडे हात केला. दिवे लागेपर्यंत तिच्या मैत्रिणीने तिचा हात हातात घेतला होता.